तिन्ही निगेटिव्ह

कुंदाताई,

तुझ्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा हार्मोनचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, म्हणून तुला गोळ्या लागू पडल्या. आज बोईसरला माझा रिपोर्ट मिळाला. हार्मोनच्या दोन आणि हर-टूची एक, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "या गाठीवर त्या गोळ्या चालत नाहीत. केमोच द्यावी लागेल. आजार पुन्हा उलटण्याची भीतीही जास्त असते."

बाहेर भावेश उभा होता. "निगेटिव हाय ना? मंग सुटलो!" म्हणत त्याने लगेच सातपाटीला आपल्या आईला फोन लावला. मी रिपोर्ट पिशवीत ठेवला. घरी सासूबाईंनी पेढा भरवला, तो खाल्ला. मग तुझा फोन आला, "माझ्यासारखीच बरी होशील." मी हो म्हटलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. सोमवारी पहिली केमो आहे. सोबत येशील?

तुझी,
सोमी