पांढरी आधी, लाल नंतर

बाबा, कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीवरचा टेलिफोनच्या तारांचा डबा आज मी उघडला. तुमच्या हातचा आहे हे झाकण काढताच कळलं. तारा एकसारख्या कापलेल्या, मेणदोऱ्यानं नीट बांधलेल्या, आणि क्रम चुकलेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्याशी अजून याच गोष्टीवरून भांडते आहे.

केबलमधल्या जोड्यांचा क्रम रंगांवरून ठरलेला असतो. आधी पांढऱ्या तारेच्या पाच जोड्या, मग लाल तारेच्या पाच. पॉलिटेक्निकच्या पहिल्या सुट्टीत मी हे तुम्हाला म्हणून दाखवलं होतं. तुम्ही चुलीपुढे जेवायला बसला आहात, आई भाकरी उलटते आहे. तुम्ही म्हणता, "पांढऱ्यापासून काऊन सुरू करू? चांगल्या कामाले कोणी पांढरं पुढं करते काय? माह्या केबलीले पयले लालच लागते." मी म्हणते, पुस्तकात तसं नाही. "पुस्तकवाल्याले म्हणा, माह्या शिडीवर चढून दाखव." आई म्हणते, "जेवू द्या न तिले. घास खाली ठेवला तिनं." तुम्ही हसलात. मी हसले नाही.

तुमचं चालून गेलं, कारण दोन्ही टोकं तुम्हीच जोडत होता. दोन्हीकडे लाल आधी, म्हणून फोन योग्य जागी वाजायचा. परवा एक्स्चेंजमध्ये तारा जोडायची नवी चौकट बसली आणि तिकडचं टोक मी जोडलं, पुस्तकाप्रमाणे. प्रत्येक जोडीवर फोनचा आवाज तपासला, तो येतच होता; कोणता नंबर कुठे वाजतो ते पाहिलं नाही. काल सकाळी जानेफळहून कुणी अडलेल्या बाळंतिणीसाठी जीप मागायला दवाखान्यात फोन केला. तो जिनिंगमध्ये वाजला, कारण दोघांच्या तारा याच डब्यातून जातात. तिथला चौकीदार पळत दवाखान्यात गेला म्हणून जीप निघाली. बाई आणि मूल दोघंही वाचली. डॉक्टरांनी एक्स्चेंजच्या दारात, सगळ्यांसमोर मला विचारलं, "दोन तारा जोडता येत नाहीत?" तुमच्याबरोबर काम केलेले लाइनमन काका बाजूला तंबाखू मळत होते. म्हणाले, "बापाच्या हातानं कधी असं झालं नाही, सायेब. पोरगी शिकेल हाय न." एक्स्चेंजच्या साहेबांनी सांगितलं, वडिलांनी ठेवलं होतं तसं परत करून टाका.

ते सोपं होतं. पण मग माझ्यानंतर येणारा पुस्तकाप्रमाणे जोडणार, आणि पुन्हा कुठल्या तरी बाळंतिणीचा निरोप कापसाच्या ढिगात वाजणार. झाकणाच्या आत एक चिठ्ठी बांधायला तुम्हाला काय झालं होतं? क्रम तुमच्या डोक्यात होता, आणि डोकं तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

मी साहेबांना नाही म्हटलं. तुमचंच टोक बदलायचं ठरवलं. आज शिडी काकांनीच धरली. "बापाची निशाणी हाय ते. काऊन तोडून राह्यली वं?"

"शिडी धरा, काका."

"धरली न. पडशीन तं तेही माह्याच डोक्यावर."

सगळ्या जोड्या कापून पुन्हा लावल्या. दवाखान्याचा फोन दवाखान्यात वाजला. काका शिडी खांद्यावर टाकून पुढे निघाले.

हे कुठे पाठवायचं नाही. कामाच्या अहवालात मी "क्रम दुरुस्त केला" एवढंच लिहिलं आहे. एक गोष्ट त्यात नाही. तारा मोकळ्या झाल्यावर पहिली जोडी उचलायची होती, तेव्हा माझ्या हातात लाल आली. ती मी लगेच सोडली नाही.