पोळ्याचं आवतन

१३ ऑगस्ट

शाळेतून फोन. प्रज्वलनं पुन्हा ढुशी मारली — बंडूच्या पोटात. मी वांगे तसेच तराजूत सोडून दुकानातून पळाली. तिथं बंडूची माय पूनम आधीच उभी. "तुमचं पोरगं मारकं हाय. काढा त्याले शाळेतून."

आमचं गाव सीमेवरचं, मोठे सर तेलुगूत इतकं गोड बोलतात का धड रागावताही येत नाही. पण बोलले ते काही गोड नव्हतं. पुन्हा असं झालं तर टीसी घेऊन जा अम्मा, म्हणे. चवथीतल्या पोराले टीसी! दुसरी शाळा गुडीहत्नूरले. बसच्या गोंगाटात हा बसंल?

१४ ऑगस्ट

विचारलं, काऊन मारतं रे?

"ते हुर्र हुर्र करतात."

पोरं याच्याभोवती गोल करतात, डोक्याले बोटाचे शिंगं लावून ओरडतात. बंडू सगळ्यात पुढं. याले गोंगाट सोसत नाही, मंग डोकं खाली घालून सुटतो. सरले फक्त ढुशी दिसते.

१८ ऑगस्ट

सरकडं गेली. रात्रभर पाठ केलतं, तिथं सगळं विसरली. तोंडात आलं ते बोलली — "सर, बैल मारून राह्यला तर आमी त्याले लगेच बाजारात नेत नाही. आधी जुवाखालचा खांदा पाहतो, सोलला का म्हणून."

सर हसले. मीही हसली. गोंगाट झाला का प्रज्वलनं बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं, असं ठरलं. जिंकली! येता येता गरम भजे घेतले, एकटीनंच खाल्ले.

१९ ऑगस्ट

कशाची जिंकली. बंडू खिडकीत उभा होता म्हणे. आता साऱ्या शाळेत बोंब — "याची मायच याले बैल म्हणते."

नवरा म्हणे, "वकिली कराले गेली अन् आपल्याच माणसाले फाशी देऊन आली." गंमत केली त्यानं, पण मले रडू आलं. थोबाडीत मारून घ्यावं वाटलं.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. संध्याकाळी बैलाच्या खांद्याले हळद-लोणी चोळलं, दरवर्षीसारखं म्हटलं — "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

प्रज्वल म्हणे, "बंडूनं मलेही देल्लं."

पाहते तर शर्टाच्या खांद्यावर पिवळा खडू. पोरांनी भर वर्गात याचा खांदा चोळला, हेच शब्द म्हटले अन् पोट धरून हसले. मी विचारलं, "मंग ढुशी मारली का रे?"

"नाही. आवतन देल्लं ना त्यानं."

इतका खूश होता! आजपावतर याले कोणत्याच पोरानं घरी बोलावलं नाही. ते खोटं होतं, हे सांगाले माझी जीभच उचलली नाही.

२२ ऑगस्ट

नवा सदरा घालून कधी सटकला, कळलंच नाही. मी धावतच बंडूच्या घरी.

आत पाटावर बसून पुरणपोळी खाऊन राह्यला होता. बाजूले बंडू, मान खाली. मी पोचाच्या आधीच पूनमनं, कोणं बोलावलं, असं विचारलं होतं अन् प्रज्वलनं सगळं सांगून टाकलं होतं — खडू, हुर्र, शिंगं. याले लपवता येतच नाही काही.

पूनम म्हणे, "वैनी, आवतन माह्या घरचं होतं. उद्या शाळेत मी येते तुमच्यासंग, सरले खरं सांगाले."