उशीवरचा माइक

१२ जाने., रवि.
स्पीकर आले एकदाचे. निगडीच्या दुकानातून स्वतः उचलून आणले. सोबत बोटाएवढा माइक. तो हॉलमध्ये ऐकायच्या जागी ठेवायचा, स्पीकर खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत 'कुईं' करून ओरडणार, मग मोबाईलवरचं अ‍ॅप खोलीचा घुमारा मोजून तेवढा कापून टाकणार. आमच्या हॉलला हवंच ते. खाली फरशी, समोर काच, बोललेलं सगळं विहिरीतून आल्यासारखं.
ज्योतीचं तोंड वाकडं. घरात माणूस अंथरुणाला खिळलाय आणि तुम्हाला गाणी सुचतात, म्हणाली. बायकोला काय सांगणार. अण्णांसाठीच तर आणलेत.

१३ जाने.
अर्धांगवायू झाल्यापासून अण्णा हॉलच्या कोपऱ्यात, भाड्याच्या कॉटवर. सगळी नोकरी हॅमर शॉपमध्ये, घणांच्या दणदणाटात गेली, निम्मे कान तिथेच राहिले. संध्याकाळी मात्र गायन पार्टी. अण्णा पेटीवर, आई मागे कोरसला. आई जाऊनही वर्षं झाली. तिचे फोटो ढीगभर, आवाज फक्त एका कॅसेटवर, आता मोबाईलमध्ये उतरवलेला. त्यात एक कडवं ती एकटी म्हणते. कधीही लावा, अण्णांचं एकच, "तिचा आवाज कुठं हाय?"
डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलंय, आता फार आशा धरू नका. म्हणून ही घाई.

१६ जाने., गुरु.
ओव्हरटाइम नाकारला. सुपरवायझर फुगला. फुगू दे.
पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे माइक सोफ्यावर ठेवून मोजणी घेतली. काय आवाज आला राव! आई स्पष्ट. तिच्या कडव्याआधीचा श्वाससुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी.
अण्णांकडे पाहिलं तर त्यांनी मान हलवली. "न्हाई येत."
डोकं फिरलं. एवढं स्वच्छ आहे, नीट लक्ष द्या ना, असं ओरडलो त्यांच्यावर. ज्योती आतून येऊन नुसती बघत उभी राहिली.

१७ जाने.
चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये, मग दिवसभर डोक्यात तेच. घरी आलो, बूट न काढता कॉटपाशी बसलो आणि डोकं अण्णांच्या उशीवर टेकवलं, त्यांच्या शेजारी. गाणं लावलं.
नुसता ढूम ढूम. ढोलकीचा ढिगारा सगळा त्या कोपऱ्यात येऊन साचतो. आई कुठेच नाही.
खरं बोलत होते ते. आणि मी कंपनीत दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करतो, क्वालिटीवाला!

१९ जाने., रवि.
माइक उशीवर ठेवला, अण्णांच्या कानाजवळ. अ‍ॅप म्हणे, आवाज फार आहे, शांतता ठेवा. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. तरी तेच. मग कळलं, त्यांच्या हवेच्या गादीचा पंप. तोही घटकाभर बंद. पुन्हा तेच. आता उरली ती अण्णांच्या छातीची घरघर. ती कशी बंद करणार.
त्यांना काही बोललो नाही. सोडून देऊ म्हणत शेवटचं एकदा बटण दाबलं. कुईं वरपर्यंत गेली, मोजणी झाली. वळून बघतो तर अण्णा गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून, लालबुंद. श्वास रोखून धरला होता माणसाने. "अण्णा, अहो काय हे" म्हणालो तर अर्ध्या तोंडाने हसले.
गाणं लावलं. कडवं आलं. चांगला हात माझ्या मनगटावर आला.
"आली," म्हणाले.
पुन्हा लावलं. पुन्हा. ज्योती स्वयंपाक टाकून दारात बसून राहिली.

२६ जाने., रवि.
रोज दोनदा ऐकतात. ताप आहे. जेवण जवळजवळ बंद. सोफ्यावरून आता आवाज पोकळ लागतो, पण सोफ्यावर बसतं कोण.

४ फेब्रु.
अण्णा गेले. सकाळी. मी बसमध्ये होतो.

९ फेब्रु., रवि.
कॉट, गादी, पंप, सगळं भाड्याने देणारा घेऊन गेला. चांगली सवय आहे त्याला, पाच मिनिटांत उचललं. फरशीवर चाकांचे चार डाग राहिलेत. ज्योतीने घासले, जात नाहीत.

१६ फेब्रु., रवि.
त्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून ऐकतो. डोकं उशीच्या उंचीला येईल असा घसरून बसतो. तिथेच आई नीट येते. कॉट गेल्याने थोडं बिघडलंय, पण येते.
नवी मोजणी घेतली की जुनी पुसली जाते. अ‍ॅपमध्ये एकच राहते. दुकानदाराला फोन करून विचारलं. म्हणाला, कशाला ठेवायची जुनी, सोफ्यावरून घ्या ना.
कशाला ते त्याला कसं सांगू. अण्णांनी श्वास कोंडून दिलेली आहे ती.

२३ फेब्रु., रवि.
ज्योती आज स्पष्टच बोलली. "मलाही आईंना ऐकायचंय. तुम्ही त्या कोपऱ्यात एकटेच किती दिवस बसणार?"
मग तिनेच माइक आणून सोफ्यावर ठेवला, फ्रिज बंद केला, पंखा बंद केला आणि शेजारी येऊन बसली. मी अ‍ॅप उघडलं. जुनी मोजणी पुसू का, विचारतंय. बोट 'हो'वर नेलं.
घरात चिटपाखरू नाही इतकं शांत. पंप नाही, घरघर नाही. अ‍ॅपची काही तक्रारच नाही.
ज्योतीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "अहो, श्वास घ्या."
'हो' न दाबताच मोबाईल मांडीवर ठेवला. माइक अजून सोफ्यावरच आहे.