कॅराव्हॅनच्या छपरावर

२ जून २०२०, नायमेखन, नेदरलँड्स

पुन्हा गळलं! बाकावरची गादी ओली, माझा स्वेटर ओला. ही वही थोडक्यात वाचली.

अभिजितला सांगायला घरात गेलो. मीटिंग चालू. कानातलं न काढताच म्हणाला, "बाबा, वीकेंडला बघतो." मागच्या वीकेंडला त्याने सिलिकॉनची ट्यूब आणून फटीवर थापली होती, केकवर क्रीम थापावं तशी. चिरंजीव इंजिनिअर आहेत!

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, १९८८ची. यंदा विमानाने कुठे जाता येणार नाही म्हणून जुनी विकत घेतली. घराशेजारी उभी केली आणि दिवसभरासाठी मला तीत बसवलं. "तुम्हाला तेवढीच शांतता, बाबा." घरात नवरा-बायकोच्या दोन मीटिंगा, मृण्मयीची शाळा लॅपटॉपवर. मी नुसतं खाकरलो तरी तिघं वळून बघतात. झोपायला तेवढा आत जातो.

दोन महिन्यांसाठी आलो होतो फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद. जयंती गुडघ्यांमुळे आली नव्हती, ती पुण्यात एकटी अडकली. एक्केचाळीस वर्षांत ही बाई कधी बँकेत एकटी गेलेली नाही. कसं करत असेल!

४ जून

जयंतीशी जेमतेम दोन मिनिटं बोलणं. "माझं ठीक चाललंय, तुम्ही जपा." ठीक म्हणे! मला काळजी नको म्हणून बोलते.

७ जून

रविवार. वीकेंड आला आणि संपत आला. साहेब सोफ्यावर.

शेवटी मीच शिडी लावली. तर शलाका धावत बाहेर— "बाबा, प्लीज खाली या! पडलात तर या दिवसांत हॉस्पिटलमध्ये..." सूनबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मी उतरलोही नाही. एसटीच्या वर्कशॉपात बॉडी सेक्शनला चौतीस वर्षं काढली. बसच्या टपावर जेवढा उभा राहिलोय तेवढा हा मुलगा जमिनीवर उभा राहिला नसेल.

तास लागला, पण सापडलं. पाणी टपकतं खिडकीवर, म्हणून अभिजितने सगळं सिलिकॉन तिथे ओतलं. आत शिरतंय ते पुढच्या कडेला, पत्र्याच्या जोडावर जी पट्टी आहे तिच्याखालून. तिथून लाकडावरून सरकत सरकत मागे येतं. पण मला विचारणार कोण? बाबांनी काय, खायचं आणि बसायचं.

९ जून

पट्टी काढली. स्क्रू गंजून एकजीव झालेले, निम्म्यांची डोकी हातात आली. खालचं लाकूड चहात बुडालेल्या टोस्टसारखं. बोट आत गेलं!

मृण्मयी मधल्या सुट्टीत बघायला आली. "आजोबा, इज इट कपॉट?" कपॉट म्हणजे इकडे मोडलेलं, बिघडलेलं. म्हटलं, हो बाळ, पार कपॉट. खूप हसली. दिवसभरात माझ्याशी एवढंच कोणी बोललं.

१२ जून

आज हे लिहून ठेवतो.

पट्टीखाली लावायच्या चिकट टेपचा व्हिडिओ बघायला अभिजितने त्याचा जुना टॅब दिला होता. त्यात त्याची मेल उघडीच होती. दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही, पण वर माझं नाव दिसलं— गुरुनाथ दामोदर. भारतात परतणाऱ्यांसाठी जी खास विमानं सोडली आहेत, त्यात मला सीट मिळाली होती! २६ मेला कळवलेलं. त्याच संध्याकाळी याचं उत्तर— प्रवासी सध्या जाऊ इच्छित नाहीत.

प्रवासी म्हणजे मी! आणि मी रोज विचारत होतो, अरे, आलं का काही? रोज सांगत होता, "अजून नाही, बाबा."

१३ जून

विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.

"बाबा, तुमचं वय, तिकडे वाढत चाललेल्या केसेस—"

"माझ्या वतीने उत्तर द्यायला मी मेलोय का? तिकडे तुझी आई एकटी आहे!"

शलाकाकडे बघितलं त्याने. तिने ताटाकडे. अपराधी चेहरे. मी पान तसंच टाकून उठलो. मुलगा माझा, पण खोटं बोलायला कुठे शिकला कोण जाणे.

१७ जून

चार दिवस कोणाशी बोललो नाही. काम केलं. कुजलेलं लाकूड कापून काढलं, नवीन तुकडा घासून बसवला. याचं सिलिकॉन खरवडण्यातच दीड दिवस गेला. आज टेप, मग पट्टी, मग नवे न गंजणारे स्क्रू, एकाआड एक आवळत. अभिजित दोनदा शिडीपाशी येऊन उभा राहिला. "धरू का?" मी वर बघत राहिलो. धरायचं तेव्हा धरलं नाहीस.

२० जून

सकाळपासून पाऊस. आतून बोट फिरवत बसलो होतो. एक थेंब नाही! शाबासकी द्यायला वर्कशॉपातलं कोणी नाही, एवढंच.

दुपारी अभिजित आला. दारातच उभा. "३ जुलैची सीट मिळतेय. घेऊ?"

"घे."

तरी हलेना. म्हणाला, "एकदा आईशी बोलून घ्या."

"तिला काय विचारायचंय? मी माझ्या घरी चाललोय!"

मान खाली घालून गेला. लाज वाटत असेल. वाटू दे.

२१ जून

जयंतीला फोन केला. म्हटलं, येतोय.

ती म्हणाली, "अहो, इतक्यात नका येऊ." मला वाटलं, आजाराला घाबरली. "तसं नाही हो. मी इथे बरी आहे. मला हवं तेव्हा उठते. बँकेत एकटी जाऊन आले. अभीला मीच सांगितलं होतं, नाही म्हणून कळव. त्याला रागावू नका."

रडत नव्हती. शांत होती.

मी विचारलं, मग कधी येऊ?

म्हणाली, "सांगते."