चौदा नंबरची नळी

३ मार्च

वळवळली! आधी वाटलं, डोळे दमलेत. पुन्हा भिंगाखाली पाहिलं — चिरलेल्या डासात हत्तीरोगाची अळी. जिवंत! नऊ वर्षं रोज डास चिरतेय, एकदाही सापडली नव्हती. ऑफिसात चिडवायचे, "आपल्या बाई माशा मारत नाहीत, डास मारतात." आता कुणी हसत नाही. साहेबांनी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. म्हणाले, "बाहेर बोलू नका."

हा डास ज्या नळीतून आला तिच्यावर चिठ्ठी — घर नंबर चौदा.

४ मार्च

डास ही अळी पोटातून घेऊन जन्मत नाही. कुणाच्या तरी रक्तातून घेतो. म्हणजे चौदा नंबरात कुणाला तरी रोग आहे, आणि त्याला पत्ताही नाही. लहान मूल असलं तर? लिहायला लाज वाटते, पण मनात आलंच — बरं झालं, ते घर आपल्यापासून लांब आहे.

५ मार्च

चौदा नंबरला कुलूप! शेजारीण म्हणाली, "तीन महिने झाले की, माणसं परगावी गेलीत."

मग डास आले कुठून? घराघरांतले डास धरून नळ्या भरून आणतात आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर, आमच्याच ऑफिसातले. विचारलं तर उगाच बुटाची नाडी सोडतात, बांधतात.

६ मार्च

शेवटी भाऊजी बोलले. "वहिनी, कुलूप दिसलं. नळीत पंचवीस डास तर हवेतच. मग आपल्याच मोरीतले धरले, तुमच्या पलंगाखालचे धरले. म्हटलं डास काय, सगळीकडे सारखेच!"

सारखेच! ताट आपटलं मी. नाही नाही ते बोलले. मग ध्यानात आलं. आपलं घर तपासणीच्या यादीतच नाही. भाऊजींनी लबाडी केली नसती तर कळलंही नसतं.

हे म्हणाले, "उद्या सगळ्यांचं रक्त तपास." मला लेकीकडे बघवेना. सात वर्षांची आहे. देवा, तिला नको. दुसऱ्या कुणालाही असू दे.

७ मार्च

रक्ताचा थेंब टाकायचा; पट्टीवर एक रेघ उमटली तर सुटलो. दोन उमटल्या तर रोग आहे.

लेकीची एक. ह्यांची एक. भाऊजींची एक — ढसाढसा रडले बिचारे.

माझ्या दोन.