घोटभर चहा

५ जून

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तू परत गेलास आणि आईला पुन्हा श्वासाची नळी घालावी लागली. घाबरू नकोस, आता उतार आहे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिला गिळता येत नाही, काही पाजलं तर सरळ फुफ्फुसात उतरेल, हे तुला सांगितलं होतंच. नेमकं तेच होऊन न्यूमोनिया झाला.

आयसीयूत तुम्ही नर्सा दिवसभर करता काय, अशी चेष्टा केली होतीस ना? अरे, उशाकडची बाजू उंच ठेवतो, तोंड स्वच्छ करतो, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून कुशी बदलतो, हात धुऊन धुऊन सालं निघतात. एवढं केलं की पुष्कळ काही टळतं. पण टळलेलं कुणाला दिसत नाही. एवढं करूनही हे झालं, म्हणूनच डोकं चक्रावलंय. तू निघालास त्या दुपारी आईजवळ आमची चिमणी होती. नवी नर्स, चिवचिव बोलते म्हणून हे नाव. मीच तिला शिकवलं. आपण थेंबही पाजला नाही, असं ती रडून सांगते. तूही तिथेच होतास. काही पाहिलंस का?

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाहिलं म्हणूनच लिहितो. चिमणीनं माझ्यादेखत आईला पाणी पाजलं. तुझी लाडकी, म्हणून गप्प बसलो होतो. पण काल तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगून टाकलं. तुला वाईट वाटेल. पण आई आपली आहे, ताई. तू मात्र जिवाला लावून घेऊ नकोस. आधीच काडी झाली आहेस, वाऱ्यानं उडशील!

लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा बापू

३० जून

बापू,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

तुझ्यावर विश्वास ठेवून मी चिमणीला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. माझ्या आईला हात लावू नकोस म्हणाले. तिला कामावरून काढलं.

परवा नळी निघाली आणि आईची वाचा परतली. पहिलंच कौतुक तुझं. चिमणी शेजारच्या पेशंटची कूस बदलत होती, तेवढ्यात लेकानं घोटभर चहा पाजला म्हणे. आम्ही मेल्यांनी पाण्याचा थेंब दिला नाही. चहाची चूक मी पोटात घातली असती, बापू. आई मागत होती आणि तुझं काळीज लोण्याचं. पण स्वतः पाजून पोरीचं नाव घेतलंस? आणि तेही मला लिहून?

माझा चेहरा पाहून आईनं मनगट धरलं. कुठे बोलू नकोस म्हणाली. परक्या पोरीला दुसरीकडे नोकरी मिळेल, भाऊ एकच आहे.

मी हात सोडवून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. चिमणी कामावर परत आली. मी माफी मागितली, तेव्हा एवढंच म्हणाली की बापूंनी तिला ओळखलं नाही ते ठीक, पण मी तरी ओळखायला हवं होतं.

आई माझ्याशी बोलत नाही. कूस बदलायला गेले की अंग सैल सोडते आणि मान फिरवून घेते. मी तिची पाठ निरखून बघते. कुठे साधा लाल डागही नाही.

लोभ आता आईकडेच माग. तिच्याकडे तुझ्यापुरता पुष्कळ आहे.

ताई