डावीकडचा फायटर

९ जानेवारी
आणला! लाल फायटर मासा, लांब शेपटीचा. ह्यांच्या फिशटँकमध्ये, ह्यांना न विचारता. धडधाकट होते तेव्हा नियम होता — "माझ्या टँकमध्ये फायटर नको. बाकीच्यांच्या जिवाला घोर." आज समोर बसून एक शब्द बोलले नाहीत. दिसलाच नाही त्यांना. मी डावीकडून सोडला होता.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांना डावी बाजूच उरलेली नाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणतात, डोळे शाबूत आहेत, मेंदू तिकडे बघायचं विसरलाय. उजवीकडचं अर्धं ताट संपवतात नि म्हणतात, वाढ. दाढी अर्धीच. टँकमधल्या इवल्या टेट्रा माशांवर नजर ठरत नाही. मोठा, लाल, रमतगमत फिरणारा एक हवा होता. तो डावीकडे जाईल, मागोमाग हेही जातील. जायलाच हवेत.

१० जानेवारी
फायटर उजवीकडे आला. "हा कुणी टाकला?" रागावले चक्क! किती बरं वाटलं.

भावजी येऊन गेले. "वहिनी, हा बुडत्याला काडीचा आधार." म्हटलं, काडी तर काडी.

१३ जानेवारी
माझी घाई नडली. फायटरला टेकायला रुंद पानं लागतात, म्हणून तसलं रोप बांधलेला ओंडका थेट डाव्या कोपऱ्यात ठेवला. पठ्ठ्याने तिथेच मुक्काम ठोकला. हे म्हणाले, "तो लाल मेला वाटतं." त्यांच्या लेखी मेलाच की.

ओंडका उचलून मधोमध आणला. आता बोट-बोट सरकवायचा.

१६ जानेवारी
टेट्रा त्याची शेपटी कुरतडतात. दिसायला किती गरीब! दुकानदार म्हणाला, "थवा लहान असला की असल्या खोड्या सुचतात. अजून चार न्या." आणले. फिल्टरचा झोतही कमी केला, बिचारा त्यात फरफटत होता. आता उजवीकडे चिमूटभर खाणं टाकते, सगळी टोळी तिकडे धावते, तेवढ्यात डावीकडे फायटरला दाणा. माझं बोट ओळखायला लागलाय.

१९ जानेवारी
ओंडका एक बोट डावीकडे.

२४ जानेवारी
नजर मधोमध येऊन अडते. मासा पुढे जातो, हे म्हणतात, "गेला." मी डाव्या हाताला बसते, बाईंचा तसा हुकूमच आहे. म्हणते, शोधा ना. उत्तर देतात ते उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला.

आज मी रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून. मग तोंड धुतलं नि ओंडका मागे आणला. जिथवर दिसतो तिथून पुन्हा सुरू. मी काही सोडणार नाही.

२ फेब्रुवारी
मान वळली. जराशीच. पण वळली.

१० फेब्रुवारी
ओंडका पुन्हा कोपऱ्यात पोचलाय. फायटर पानावर पसरला होता. मी काहीच म्हटलं नव्हतं, बोटही दाखवलं नव्हतं. हे आपणहून म्हणाले, "शेपटी भरून आली त्याची." भावजींना लगेच फोन करून सांगितलं.

११ फेब्रुवारी
फायटर डाव्या काचेशी गेला. ह्यांची मान त्याच्यामागे वळली, काच संपली तरी वळत राहिली, नि माझ्यावर येऊन थांबली.
"अगं," म्हणाले, "तू कधी आलीस?"